दादा समजूतदार, शेंडेफळ हट्टी: खरंच?

दादा जबाबदार, मधला तिरसट, शेंडेफळ लाडोबा. खानदेशातल्या एकत्र कुटुंबांत हे इतकं पक्कं असतं की सोयरीक जुळवताना ‘मुलगा घरात थोरला आहे’ एवढं सांगितलं तरी निम्मी चौकशी संपते. व्हिएन्नाचे मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड अ‍ॅडलर यांनीही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जन्मक्रमाला असंच वजन दिलं होतं. ते स्वतः दुसरे अपत्य!

पण मोजायला बसलं की हे चित्र विरघळतं. २०१५ साली अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या २० हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली गेली. बोलकेपणा, मनाचं स्थैर्य, मनमिळाऊपणा, शिस्त यांपैकी कशावरही जन्मक्रमाचा ठसा सापडला नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या सुमारे पावणेचार लाख शाळकरी मुलांच्या अभ्यासात फरक दिसला, पण नगण्य.

मग आपल्याला तो घरोघरी का दिसतो? थोरला नेहमीच वयानं पुढे असतो. कापूस वेचणीला आई गेल्यावर घर सांभाळणारी चौदा वर्षांची ताई आणि तिच्या कडेवरचा भाऊ यांची तुलना म्हणजे वयाची तुलना. शिवाय चार भावंडांचं घर आणि एकुलत्या एकाचं घर यांची ऐपत, शिक्षण वेगळं असतं. रावेरच्या एका शेतातली केळी आणि दुसऱ्या शेतातली पिलबाग (पहिल्या घडानंतर पिलांवर, म्हणजे फुटव्यांवर घेतलेलं पीक) शेजारी ठेवून घडाचं वजन ठरवावं, तसं ते होतं. माती वेगळी, पाणी वेगळं.

बुद्धिमापन चाचण्यांत मात्र थोडा फरक टिकतो. नॉर्वेतल्या सैन्यभरतीच्या २००७ सालच्या अभ्यासात पहिल्या मुलाचा बुद्ध्यांक दुसऱ्यापेक्षा सरासरी दोनेक गुणांनी जास्त निघाला. गंमत अशी, की ज्यांचं थोरलं भावंड लहानपणीच गेलं होतं, ते दुसरे मुलगे पहिल्यांच्या बरोबरीनं होते. म्हणजे कारण गर्भात नसून वाढवण्यात असावं. तरीही दोन गुणांवरून एखाद्या पोराबद्दल काहीही सांगता येत नाही.

माझ्या मते आपल्यासाठी खरा प्रश्न स्वभावाचा नाहीच, उंचीचा आहे. सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे या अर्थतज्ज्ञांनी २०१७ मध्ये भारत आणि आफ्रिकेतल्या १ लाख ६८ हजारांवर मुलांची आकडेवारी मांडली. आफ्रिकेच्या तुलनेत भारतातली मुलं जन्मक्रमागणिक झपाट्यानं खुजी होत जातात, आणि यामागे थोरल्या मुलाला मिळणारं झुकतं माप असल्याचं त्या सांगतात. मुलग्याचा हव्यास जिथे जास्त, तिथे हा उतारही तीव्र. नंदुरबारच्या अंगणवाडीत वजन-उंची घेताना तिसऱ्या-चौथ्या मुलीकडे जरा जास्त बघावं, असं हे आकडे वाचून वाटतं.