चार पावलं आणि एक बोट

पावसाळ्यात लोकलमधून उतरताना पाय वाकडा पडला की फलाटावरचं कुणीतरी हमखास म्हणतं, "चालता येतंय ना? मग मोडलेलं नाही." घरी आंबेहळदीचा लेप लागतो, आणि घोटा काळानिळा पडून चप्पल शिरेनाशी झाली की मग एक्स-रे. फलाटावरचा हा निकष अर्धाच खरा आहे. त्याचा प्रत्यय ज्यांना स्वतःच्या पायावर आला, ते गृहस्थ हाडांचेच डॉक्टर होते.

लिव्हरपूलचे सर्जन रॉबर्ट जोन्स एका समारंभात नाचत होते. टाच उचललेली असताना भार पावलाच्या बाहेरच्या कडेवर आला आणि आत काहीतरी तुटल्यासारखं झालं. स्नायू हाडाला जोडणारी कंडरा तुटली असावी असं त्यांना वाटलं. मित्राच्या आधाराने तीन-चारशे यार्ड चालत ते घोडागाडीपर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी चाचपून पाहिलं, तर कंडरा शाबूत, सूज जेमतेम, मोडलेली टोकं घासल्याची करकर नाही. फक्त करंगळीच्या बरंच मागे, एका ठिकाणी बोट टेकवलं की जीव कळवळायचा. सहकाऱ्याकडून एक्स-रे काढून घेतला, तेव्हा करंगळीमागचं लांब हाड मोडलेलं दिसलं. १९०२ साली त्यांनी हे लिहून प्रसिद्ध केलं. जर्मन शास्त्रज्ञ रोंटगेनला एक्स-रे सापडले १८९५ मध्ये. त्याआधी असा पाय 'मुरगळला' म्हणूनच चोळला गेला असता. त्या जागेच्या मोडीला आजही जोन्स फ्रॅक्चर म्हणतात. तिथे रक्तपुरवठा कमी असल्याने ते हाड जुळायला रेंगाळतं.

जोन्स ज्यांच्या हाताखाली तयार झाले ते नात्यातले ह्यू ओवेन थॉमस. त्यांचं घराणं वेल्समधल्या पिढीजात हाडवैद्यांचं. हाडवैद्य म्हटल्यावर नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं; आणि डोळे मिटून त्यांच्याकडे जाणाऱ्यांनी हेही, की थॉमस यांच्या वडिलांनी मुलाला मात्र रीतसर डॉक्टर केलं.

आपल्याकडे सुश्रुताने हाड मोडण्याचे बारा आणि सांधा निखळण्याचे सहा प्रकार सांगितले. वड, पिंपळ, उंबर, पळस यांच्या साली आणि बांबूच्या कामट्या बांधायला सांगितल्या. बंध सैल असेल तर सांधा स्थिर राहत नाही, फार आवळला तर सूज आणि ठणका, हा त्याचा इशारा आजही प्लास्टरच्या खोलीत जसाच्या तसा द्यावा लागतो. बोटं निळी पडली, बधिर झाली, तर सकाळची वाट न पाहता परत यायचं.

भायखळ्याचं जे. जे. रुग्णालय १८४५ साली सुरू झालं तेव्हा प्लास्टरची पट्टी जगात कुठेच नव्हती. ती १८५१ मध्ये अँटोनियस मथाइसेन या डच लष्करी सर्जनने काढली. मुंबईच्या रुग्णालयांत कानावर पडणारं 'कच्चं प्लास्टर' म्हणजे सूज उतरेपर्यंत एका बाजूने दिलेला आधार. ते पाहून 'नीट घातलं नाही' असं कुरकुरणारे नातेवाईक प्रत्येक वॉर्डात भेटतात.

पण घोटा हा हट्टी सांधा. त्यातलं मधलं हाड फक्त एक मिलिमीटर बाहेर सरकलं तरी सांध्याचा एकमेकांना टेकणारा भाग सरासरी ४२ टक्क्यांनी घटतो, असं १९७६ च्या एका अभ्यासात दिसलं. म्हणून हाडं सरकली असतील तर प्लेट आणि स्क्रू. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सर्जननी एकत्र येऊन हे तंत्र शिस्तीत बसवलं. हाड घट्ट धरायचं आणि सांधा लवकर हलवायचा, हा त्यांचा आग्रह, कारण प्लास्टरमध्ये जखडलेला पाय जुळतो खरा, पण आखडतो.

या आखडण्याची किंमत आपल्याला जास्त पडते. सपाट रस्त्यावर चालायला घोटा फारसा वाकावा लागत नाही. टाच टेकवून उकिडवं बसायला पुरेपूर वाकावा लागतो. चाळीत सार्वजनिक संडास मजल्याच्या टोकाला, लिफ्ट नाही, आणि डॉक्टर म्हणतात, सहा आठवडे वजन टाकू नका! कुबड्या घेऊन जिना कसा उतरायचा हे फिजिओकडून शिकणं इथे औषधाइतकंच महत्त्वाचं.

एक्स-रे स्वस्त झाला तसा प्रत्येक मुरगळलेल्या पायाचा निघू लागला, आणि बहुतेकांत हाड शाबूतच निघे. १९९२ मध्ये कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी साधा नियम मांडला. दुखापतीनंतर लगेच आणि दवाखान्यात पोचल्यावर, दोन्ही वेळा चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढा. लंगडत टाकलेली पावलंही चालतात. किंवा ठरलेल्या जागी हाडावर दाबून दुखलं, तर काढा: घोट्याच्या दोन्ही उंचवट्यांची मागची कडा आणि टोक, पावलाच्या आतल्या बाजूचं नौकेसारखं हाड, आणि करंगळीमागच्या लांब हाडाचं बूड. ही शेवटची जागा जोन्स यांच्या दुखऱ्या जागेला लागूनच. चालण्यावरून ते सुटले असते, बोटाने सापडले असते.

मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांना मात्र हा नियम लावत नाहीत. दाबलेलं त्यांना कळतच नाही, आणि मोडक्या पायाने ते आठवडाभर चालूही शकतात. सूज आणि ऊब दिसली की त्यांचा एक्स-रे आधी.