सगळं पार पडलं, मग आता गळाल्यासारखं का वाटतं?

आमच्या घरात 1 जूनला तीन वाढदिवस असतात. आप्पांचा, धाकट्या काकांचा आणि मोठ्या आत्याचा. तिघं सख्खी भावंडं, जन्मसालं वेगळी, तारीख एकच. यात आमच्या आजीची काही करामत नाही. ही तारीख गावच्या शाळेतल्या मास्तरांची देणगी आहे. जूनमध्ये शाळा उघडायची, पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागला की ते सहा वर्षांचं झालं असं समजायचं, आणि दाखल्यावर 1 जून लिहून मोकळं व्हायचं. महाराष्ट्रात दरवर्षी 31 मेला सरकारी कचेऱ्यांमध्ये एवढे निरोप समारंभ का होतात, त्याचंही उत्तर हेच.

संभाव्यतेच्या गणितात एक लाडकं उदाहरण आहे. 23 माणसं एका खोलीत जमली, तर त्यांतल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. हे गणित वर्षातल्या सगळ्या तारखा सारख्याच संभाव्य धरून केलेलं आहे. अमळनेर तालुक्यातल्या कुठल्याही पारावर सहा म्हातारे गाठा, गणित तिथंच बसतं. मागे एका पाहुण्यानं मोबाईलवर आप्पांचा मूलांक काढला होता. एक आला. एक म्हणजे सूर्य, नेतृत्व, तेज. आप्पा दोन दिवस खुशीत होते. तो आकडा सूर्याचा नसून मास्तरांचा आहे, हे सांगायचं पाप मी केलं.

असो. यंदाच्या 1 जूनची गोष्ट वेगळी आहे.

मार्चमध्ये आप्पांची बायपास झाली, नाशिकला. एप्रिलभर पथ्यपाणी, गोळ्यांच्या वेळा, भेटायला येणाऱ्यांचा चहा. त्यातच आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. मेच्या मध्यावर माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न, म्हणजे वहिनींच्या नणंदेचं. तारीख आधीच ठरलेली, हलवता येण्याजोगी नव्हती. या सगळ्याचा कणा वहिनी. लग्न झालं, पाहुणे गेले, आप्पा अंगणात चालायला लागले. आणि 1 जूनला सकाळी वहिनी चुलीपुढं मांडे करायला बसल्या.

खापरावरचा मांडा ज्यांनी करताना पाहिलाय त्यांना कळेल. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत मोठा करायचा आणि उपड्या खापरावर अलगद सोडायचा. वहिनींचा हात या कामात आमच्या भाऊबंदकीत नावाजलेला. त्या दिवशी तिसरा मांडा मनगटावरच फाटला. चौथाही. त्यांनी हात पदराला पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “भाऊजी, दवाखान्यात पंधरा रात्री बाकड्यावर काढल्या तेव्हा काही झालं नाही. लग्नात काही झालं नाही. आता सगळं निस्तरलं, तर आंगमा जीवच नही. असं उलटं कसं?”

आत्याचं निदान तयार होतं. लग्नात नजर लागली. मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या गेल्या, घरभर ठसका उठला. मिरच्यांनी ठसका येतोच, त्याला नजर लागत नाही. पण वहिनींचा प्रश्न अस्सल होता. मी धुळ्याला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो आणि या प्रश्नाचं एक उत्तर माझ्या फार आवडीचं आहे, म्हणून हा लेख.

आपण शरीराला मोबाईलची बॅटरी समजतो. वापरली, उतरली, दोन दिवस झोपलो की भरली. हिशेब सोपा आहे, पण ताणाच्या बाबतीत चुकतो. ताण नुसता ऊर्जा खर्च करत नाही. तो शरीरात बांधकाम करून ठेवतो.

शाळेतली आकृती आठवा. मेंदूच्या तळाशी अधश्चेतक, म्हणजे हायपोथॅलॅमस. त्याच्याखाली हरभऱ्याएवढी पियुषिका ग्रंथी. आणि खाली दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी, वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम प्रत्येकी. संकटाची चाहूल लागली की अधश्चेतक सीआरएच नावाचं संप्रेरक सोडतं. ते मिळालं की पियुषिका एसीटीएच नावाचं दुसरं संप्रेरक सोडते. ते रक्तातून अधिवृक्क ग्रंथीपर्यंत पोचलं की तिथून कॉर्टिसॉल सुटतं. कॉर्टिसॉल रक्तात साखर वाढवतं, दाह दाबतं, माणसाला उभं ठेवतं. आणि तेच वर मेंदूकडं जाऊन सांगतं, पुरे झालं, आता थांबा. टाकी भरली की मोटार बंद करणारा ऑटो स्वीच असतो ना, तसं. एसीटीएच रक्तात काही मिनिटं टिकतं, कॉर्टिसॉल तास-दीड तासात निम्मं होतं. म्हणजे धक्का गेला की दुपारपर्यंत सगळं जागेवर यायला हवं.

मग वहिनींचं गणित आठवड्यांत का मोजावं लागतं?

याचा एक धागा 1936 सालचा आहे. हान्स सेल्ये या माँट्रियलमध्ये काम करणाऱ्या शास्त्रज्ञानं उंदरांना थंडी, जखमा, अतिश्रम, विषारी रसायनं अशा नाना तऱ्हेच्या त्रासात ठेवून पाहिलं. त्रास कुठलाही असो, आत सापडायचं तेच. जठरात व्रण, आक्रसलेली थायमस ग्रंथी, आणि फुगलेल्या अधिवृक्क ग्रंथी. ‘नेचर’मधलं त्याचं ते टिपण छोटंसं आहे, पण ताणाची कल्पना वैद्यकात रुजली ती तिथून. माणसातही हे दिसतं. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीव्र नैराश्याच्या रुग्णांचे एमआरआय काढले, तेव्हा त्यांच्या अधिवृक्क ग्रंथी निरोगी माणसांपेक्षा सुमारे 70 टक्के मोठ्या भरल्या. उपचारांनी नैराश्य गेलं तसा आकारही खाली आला.

हा वाढलेला आकार म्हणजे ताणाची एक खूण, एवढ्यावरच बहुतेकांचं वाचन थांबतं. 2020 साली इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधल्या उरी आलोन यांच्या गटानं हा आकारच यंत्रणेचा भाग धरून गणित मांडलं. आता इथं थोडं सावकाश वाचा, मला हा भाग शिकवताना स्वतःलाच भान राहत नाही.

एसीटीएच दोन कामं करतं. एक, कॉर्टिसॉल सोडायचा हुकूम. दोन, अधिवृक्क ग्रंथीच्या पेशींना खतपाणी. तसंच वरच्या मजल्यावर सीआरएच पियुषिकेतल्या त्या ठरावीक पेशींना हुकूमही देतं आणि वाढवतंही. हुकूम मिनिटांत पोचतो, पेशी वाढायला आठवडे लागतात. म्हणून रक्तातलं कॉर्टिसॉल म्हणजे साधा गुणाकार: ग्रंथीचा आकार गुणिले एसीटीएचचा जोर.

आपल्याकडच्या जिनिंगचं उदाहरण घ्या. मालकाचा फोन आला की कापसाच्या गाठी बांधायच्या. हंगाम लांबला, फोन सारखे येत राहिले, की मॅनेजर दोन मशीन वाढवतो, बिगारी वाढवतो. आता तेवढ्याच फोनवर दुप्पट गाठी निघतात. मग हंगाम संपतो. फोन थांबवता येतो एका क्षणात. मशीन जागेवरच असतात, बिगारी गेटवर हजर असतात. मालक नुसता खोकला तरी गाठी बांधून तयार. मालक घाबरून फोन अगदीच कमी करतो. फोन कमी, तर फोनवरच्या मुनीमांची गरज काय, तेही एकेक करून घरी जातात. महिन्याभरानं बिगारी पांगतात, उत्पादन ठिकाणावर येतं. पण आता मुनीमच कमी पडलेत. बाहेरून सगळं सुरळीत, आतला कारभार अजून लंगडा.

मुनीम म्हणजे पियुषिकेच्या पेशी, बिगारी म्हणजे अधिवृक्क ग्रंथीच्या. गणित सांगतं की ताण संपल्यावर आधी काही आठवडे कॉर्टिसॉल गरजेपेक्षा जास्त, मग कॉर्टिसॉल ठीक पण एसीटीएचचा प्रतिसाद मंद, आणि त्यानंतर दोन्ही पूर्ववत. यातली मधली पायरी मला सगळ्यात सुंदर वाटते, कारण ती नुसत्या हुकमांच्या आकृतीतून कधीच निघत नाही. ग्रंथीचा आकार कधी स्थिर होतो? पेशी जन्मण्याचा आणि मरण्याचा वेग सारखा झाला की. जन्मण्याचा वेग ठरतो एसीटीएचवर. म्हणजे फार काळानंतर एसीटीएचला एकाच ठरावीक पातळीवर यावंच लागतं, ताण असो वा नसो, आणि लांबलेल्या ताणात कॉर्टिसॉल जास्त ठेवायचं सगळं ओझं आकारावर येतं. इथं माझे विद्यार्थी खिडकीबाहेर बघायला लागतात. तुम्हीही बघत असाल तर पुढच्या परिच्छेदावर या.

मधल्या पायरीतला मंद एसीटीएच प्रत्यक्ष माणसांत मोजला गेला आहे. दीर्घ कुपोषणातून सावरणाऱ्यांत, दारू सोडलेल्यांत आणि बाळंतिणींत. गरोदरपणात वार, म्हणजे प्लॅसेंटा, स्वतःच सीआरएच बनवते, आईचं कॉर्टिसॉल चढं राहतं, आणि वार पडली की तो पुरवठा एका झटक्यात थांबतो. त्यानंतर काही आठवडे ही साखळी मंद चालते. बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती देण्याची आपली रीत यात छान बसते. आपल्या पूर्वजांना एसीटीएच माहीत होतं, अशी पोस्ट मात्र यावरून कृपा करून फिरवू नका. त्यांना दमलेली बाई दिसत होती, तेवढं पुरेसं होतं.

उलट दिशेचा पुरावा तर डॉक्टरांच्या रोजच्या कामातला आहे. स्टेरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस घेतल्या की शरीराला स्वतःचं कॉर्टिसॉल बनवायची गरज उरत नाही आणि अधिवृक्क ग्रंथी आक्रसतात. गोळ्या अचानक बंद केल्या तर जिवावर बेततं, म्हणून त्या पायरीपायरीनं उतरवतात. गुडघेदुखीवर ‘जडीबुटी’च्या पुड्या देणाऱ्यांच्या मालात असलीच स्टेरॉइडं मिसळलेली सापडलेली आहेत. चार दिवसांत गुण आला म्हणून खूश होणाऱ्यांनी ही ग्रंथी लक्षात ठेवावी.

आणि आता दुसरा बाजार. समाजमाध्यमांवर सध्या ‘अ‍ॅड्रिनल थकवा’, म्हणजे याच अधिवृक्क ग्रंथींचा थकवा, जोरात विकला जातो. ताणानं तुमच्या ग्रंथी दमल्यात, आमचं चूर्ण घ्या, कॉर्टिसॉल उतरवणारं सरबत प्या. अंतःस्रावी तज्ज्ञांच्या संघटनांनी असा काही आजार नाही असं स्पष्ट सांगितलंय, आणि वरचं वाचलं असेल तर विनोद तुमच्याही लक्षात येईल: लांबलेल्या ताणात ही ग्रंथी दमत नाही, ती वाढते. अधिवृक्क ग्रंथी खरोखर निकामी होण्याचा आजार वेगळा, थॉमस अ‍ॅडिसननं 1855 साली वर्णन केलेला, आणि त्यावर सरबत चालत नाही.

वहिनींच्या थकव्याचं सगळं खापर या ग्रंथीवर फोडता येणार नाही, हेही त्यांना सांगितलं. तीन महिन्यांची तुटलेली झोप आहे. सगळ्यांचं वाढून झाल्यावर उरेल ते खाणं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय निघाला, म्हणून तपासणी आधी हिमोग्लोबिनची, मग थायरॉइडची. वहिनींनी दोन्ही करून घेतल्या. हिमोग्लोबिन निघालं 9.8. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. माझं सुंदर गणित या आकड्यापुढं जरा ओशाळलंच.

तरी त्यांचा मूळचा प्रश्न, संकटात टिकले आणि नंतर का गळाले, तो गोळ्यांनी सुटत नाही. संकटात चढलेलं कॉर्टिसॉल थकवा आणि दुखणं झाकून ठेवतं. ते उतरायला लागलं की झाकलेलं उघडं पडतं. आणि उतरायला आठवडे लागतात, म्हणून “आता तर सगळं झालं, आता काय होतंय तुले?” हा काकांचा प्रश्न चुकीच्या कॅलेंडरवर विचारलेला आहे.

राहिला वाढदिवसाचा मुद्दा. आपल्या माणसांत बसल्यानं ताण हलका होतो हे मोजून पाहिलेलं आहे. झुरिकमधल्या 2003 सालच्या एका प्रयोगात, परक्या लोकांपुढं भाषण आणि तोंडी हिशेब करायच्या आधी ज्यांना जिवलग मित्राचा आधार मिळाला, त्यांचं कॉर्टिसॉल एकट्या राहिलेल्यांपेक्षा कमी चढलं. पण त्या प्रयोगात मित्रासाठी चाळीस मांडे करायचे नव्हते. आमच्याकडे औक्षण तिघांचं झालं, आमरस सगळ्यांनी चापला, आणि ज्या बाईला माणसांत बसायची गरज होती ती तीन तास धुरात होती. हे मी शास्त्रज्ञाच्या थाटात लिहितोय. त्या दिवशी तिच्या हातचा पाचवा मांडा मीच खाल्ला.

वहिनींचा जन्म दवाखान्यातला, त्यामुळे त्यांची तारीख खरी आहे, 19 जुलै. 1 जूनपासून मोजले तर 48 दिवस, म्हणजे जवळजवळ सात आठवडे. मधले पंधरा दिवस त्या माहेरी पारोळ्याला जाऊन आल्या. दुपारच्या झोपा काढल्या म्हणे, आईच्या हातचं आयतं खाल्लं. 19 तारखेला त्यांना ओवाळायचं आत्यानं ठरवलंय आणि जेवायला रस्त्यावरच्या ढाब्यावरची शेवभाजी आणायची आहे. काकांना ढाब्याचं तेल सोसत नाही, म्हणून त्यांनी घरीच वरण-बट्टीचा आग्रह धरून पाहिला. खाटेवरून आप्पा म्हणाले, “तिना वाढदिवस शे ना, मंग ती कसाले रांधी? तू लाव बट्ट्या.”

काका आता बट्ट्या शिकताहेत.