बंद कोळसा खाणीची जमीन आणि ढिगातली माती

वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड या सरकारी कोळसा कंपनीच्या मध्य प्रदेशातील पाथाखेडा क्षेत्रातील तीन खाणींना २०२५ मध्ये खाणबंदीचे प्रमाणपत्र मिळाले. देशात कोळसा खाणींना असे प्रमाणपत्र मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. कोळसा खाण शास्त्रीय पद्धतीने कशी बंद करावी याची केंद्र सरकारची पहिली मार्गदर्शक तत्त्वे २००९ सालीच आली होती, हे ध्यानात घेतले तर हे काम किती संथ चालते ते कळते. सांगली-साताऱ्यात कोळसा नाही. आपल्या पायाखालचा काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे, तर चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूरकडचा कोळसा त्याच्या कितीतरी आधीच्या गोंडवन काळातला आहे. तरीही ही बातमी आपल्याकडे लक्षपूर्वक वाचली जावी असे मला वाटते. वाळवा, पलूस, मिरज या भागांत ज्याची जमीन क्षारपड झाली आहे, त्याला बिघडलेली जमीन सुधारण्यास किती वर्षे आणि किती पैसा लागतो हे पुरते ठाऊक आहे.

खाणीचा खड्डा बुजवला, वर झाडे लावली आणि हिरवळ दिसू लागली की जमीन पूर्ववत झाली, असा एक सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा का आहे हे समजण्यासाठी कोळशावरचा खडक आणि मुरूम थोडा बाजूला ठेवून केवळ वरच्या हात-दीड हात मातीचे काय होते ते पाहावे लागते.

खुल्या खाणीत कोळशावरचे सर्व थर आधी काढले जातात. खडक, वालुकाश्म आणि शेल यांच्या या राशीला खाणीत ‘ओव्हरबर्डन’ किंवा नुसते ‘ओबी’ म्हणतात. पर्यावरण मंजुरीच्या अटींनुसार सुपीक वरची माती ओबीत मिसळू न देता वेगळी साठवावी लागते, आणि ओबीच्या ढिगाचा एकूण उतार २८ अंशांपेक्षा अधिक ठेवता येत नाही. माती वेगळी ठेवण्याची अट योग्यच आहे. मात्र खाण अनेक वर्षे चालते, आणि साठवलेली माती तेवढा काळ जशीच्या तशी राहत नाही.

शेतातल्या मातीत मुळे, गांडुळे आणि भेगा यांमुळे हवा सतत खेळती असते. तीच माती काही मीटर उंचीच्या ढिगात रचली की तिच्या आत ऑक्सिजन पोहोचण्याची वाट लांबते, आणि जो काही पोहोचतो तो वरच्या थरातले सूक्ष्मजीवच वापरून टाकतात. परिणामी ढिगाचा गाभा मुरघासाच्या बंद खड्ड्याप्रमाणे हवेविना राहतो. वालुकामय मातीत ही सीमा बरीच खोल असते, पण चिकण मातीत ती पृष्ठभागापासून फारशी दूर नसते.

आता नत्राकडे पाहू, कारण खरा प्रकार तिथे घडतो. सेंद्रिय पदार्थ कुजताना त्यांतल्या नत्रापासून अमोनियम तयार होते, आणि ही क्रिया ऑक्सिजन असो वा नसो, चालू राहते. अमोनियमचे नायट्रेट करणाऱ्या नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टरसारख्या जीवाणूंना मात्र ऑक्सिजन लागतोच. त्यामुळे ढिगाच्या गाभ्यात पहिली पायरी चालू राहते, दुसरी अडते आणि अमोनियम साचत जाते. अमोनियमवर धन विद्युतभार असतो आणि चिकण मातीच्या कणांवर ऋण, म्हणून ते तिथे धरून ठेवले जाते. काही वर्षांनी ढीग मोडून माती खाणीचा खड्डा बुजवलेल्या भरावावर पसरली जाते, तिला मोकळी हवा मिळते आणि अडलेली दुसरी पायरी एकदम सुरू होते. काही आठवड्यांत साचलेल्या अमोनियमचे नायट्रेट होते. नायट्रेटवर ऋण भार असल्याने मातीचे कण त्याला धरत नाहीत. त्यातला काही भाग पहिले गवत आणि तण उचलतात, आणि म्हणूनच पहिल्या वर्षी जमीन हिरवीगार दिसू शकते. उरलेले पावसाच्या पाण्याबरोबर खाली झिरपते किंवा ओढ्याला जाते, आणि पाणी साचलेल्या जागी जीवाणू त्याचे पुन्हा वायूत रूपांतर करून हवेत सोडतात. पिढ्यान्‌पिढ्या साठलेल्या नत्राचा मोठा वाटा असा एक-दोन पावसाळ्यांत निघून जाऊ शकतो.

याच काळात मातीची घडणही विस्कटते. मातीचे बारीक कण एकत्र धरून रवाळ पोत देण्याचे काम मुळांचे स्राव आणि बुरशीचे तंतू करतात. ढिगाच्या आत जिवंत मुळे नसल्याने मुळांवर अवलंबून असणारी मायकोरायझा बुरशी हळूहळू नष्ट होते. ती पिकाला स्फुरद मिळवून देते हे आपल्याकडच्या द्राक्ष बागायतदारांना सांगण्याची गरज नाही. पुढे ओली माती जड यंत्रांनी पसरली गेली की ती दबते, पावसाने तिच्यावर कठीण पापुद्रा धरतो आणि पाणी आत मुरण्याऐवजी वाहून जाते.

‘जमीन जिवंत करणाऱ्या’ जीवाणूंच्या बाटल्यांची जाहिरात अलीकडे फार वाढली आहे. जिथे सेंद्रिय पदार्थ नाही, हवा नाही आणि निचरा नाही, तिथे बाटलीतून आलेले जीवाणू खाणार काय आणि राहणार कुठे, हा प्रश्न विकत घेणाऱ्याने अवश्य विचारावा. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विदर्भातील मॅंगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर जे काम केले, त्यात जीवाणू आणि मायकोरायझा यांच्यासोबत साखर कारखान्यातील प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळही घातला होता. आधी अन्न आणि निवारा, मग जीव, असा हा योग्य क्रम आहे. प्रेसमडचे मोल तर आपल्या ऊस पट्ट्याला माहीतच आहे.

आता नियमांकडे वळू. २००९ च्या तत्त्वांनुसार कंपनीला खाणबंदीसाठी एस्क्रो खात्यात, म्हणजे काम झाल्याखेरीज कंपनीला काढता न येणाऱ्या राखीव खात्यात, पैसे ठेवावे लागतात. तेव्हाचा दर खुल्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख आणि भूमिगत खाणीसाठी १ लाख रुपये होता. झालेले काम तपासून त्यातला भाग टप्प्याटप्प्याने परत दिला जातो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये खाणकाम झालेल्या जमिनीवर पुन्हा गवत लावून ती चारा आणि वनस्पती वाढण्याजोगी करण्याची अट घालण्यास सांगितले. मोठ्या खुल्या खाणींवर उपग्रहाने नजर ठेवली जाते. त्या चित्रांत झाडीखालचे क्षेत्र, भराव टाकलेले क्षेत्र आणि चालू खाण वेगवेगळी मोजता येते, आणि हे उपयुक्तच आहे. पण नायट्रेटच्या लाटेवर उगवलेली हिरवळ आणि घडण सुधारलेल्या मातीतली हिरवळ यांतला फरक त्या चित्रांवरून कळत नाही.

जमिनीच्या पुढच्या वापराचा प्रश्न याहून अवघड आहे. १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याने संपादित झालेली जमीन सरकारी कंपनीकडे जाते. अशा जमिनीवरचे खाणकाम संपल्यावर काय करता येईल याचे धोरण केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२२ मध्ये मंजूर केले. त्यात कोल वॉशरी (कोळसा धुण्याचा कारखाना), रेल्वे सायडिंग, वीज प्रकल्प, सौर ऊर्जा, पुनर्वसन आणि वनीकरण अशा कामांसाठी जमीन भाडेपट्ट्याने देता येते, पण मालकी कंपनीचीच राहते. ज्याच्या नावे कधीकाळी सातबारा होता त्याला ती शेतीसाठी परत देण्याची तरतूद या धोरणात नाही. जमीन पुन्हा शेतीला जाणारच नसेल, तर तिची माती शेतीयोग्य करण्याचा आग्रह धरणार कोण, हा मला यातला सर्वांत गंभीर प्रश्न वाटतो.

अमेरिकेत १९७७ च्या खुल्या खाणींविषयीच्या कायद्याने उत्तम शेतजमिनीसाठी वेगळा मार्ग काढला. तिथे मातीचे थर वेगवेगळे काढून त्याच क्रमाने परत घालावे लागतात, आणि त्या जमिनीतले पीक शेजारच्या न खणलेल्या तशाच जमिनीच्या बरोबरीने येते हे सिद्ध झाल्याशिवाय कंपनीची हमी रक्कम पूर्ण सुटत नाही.

आपल्याकडे एस्क्रोतला शेवटचा हप्ता सोडण्यापूर्वी सेंद्रिय कर्ब, मातीची घनता आणि पाणी मुरण्याचा वेग यांची तपासणी सक्तीची करता येईल, आणि ती किमान तीन पावसाळे उलटल्यानंतरच व्हावी. यासाठी नवे विज्ञान लागत नाही. माती परीक्षण केंद्रे आहेत, कृषी विद्यापीठे आहेत, आणि शेजारच्या न खणलेल्या शेताशी तुलनाही करता येते. ढीग किती काळ ठेवायचा यावर मात्र खाण सुरू होण्यापूर्वीच बंधन घालावे लागेल. एका कप्प्यातून निघालेली माती शेजारच्या तयार भरावावर लगेच पसरता येईल, असा खोदकामाचा क्रम आराखड्यातच आखला, तर साठवणीची वेळच फारशी येणार नाही.