न सापडलेल्या गाठींचा हिशेब

ग्वाल्हेरला लश्कर भागात पत्ता सांगताना आम्ही ‘कॅन्सर पहाडीच्या खाली’ असं अगदी सहज म्हणतो. कंपूजवळच्या या टेकडीवर मांढऱ्यांच्या मातेचं देऊळ आहे आणि त्याच टेकडीवर कॅन्सर हॉस्पिटल. नवा पाहुणा हे नाव ऐकून दचकतो. आम्हाला नावाचं काही वाटत नाही. वर जाऊन पर्चा, म्हणजे केसपेपर, बनवायचं मात्र वाटतं.

आमच्या काकूंना एप्रिल 2020 मध्ये अंघोळ करताना गाठ लागली. मोठ्या वाटाण्याएवढी, असं त्या नंतर सांगत. बाहेर लॉकडाउन, टेम्पो बंद, घरात नातू लहान. ‘दुखत तर नाहीये,’ म्हणून कुणाला बोलल्या नाहीत. स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाहीच, आणि नेमकी तीच गोष्ट बायकांना धीर देते. दिवाळीच्या आवराआवरीत वहिनीच्या कानावर घातलं, तेव्हा गाठ सुपारीएवढी झाली होती.

वाटाणा ते सुपारी, म्हणजे साधारण एक सेंटीमीटर ते दोन. ऐकायला किरकोळ वाटतं. पण गाठ फूटपट्टीवर वाढत नाही, पेशी दुपटीने वाढतात. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, असं करत एक सेंटीमीटरच्या गाठीपर्यंत पोचायला सुमारे तीस दुपटी लागतात, आणि यातला बराचसा काळ ती कुणालाच कळत नाही. पुढे व्यास एकाचा दोन सेंटीमीटर झाला की आकारमान आठपट होतं. त्याला फक्त तीन दुपटी पुरतात. हाताला लागली तेव्हा गाठीचा बराच प्रवास उरकलेला असतो आणि उरलेला ती भराभर करते. ते काही महिने वाया गेले की शस्त्रक्रिया मोठी होते, केमो वाढते, काखेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत कॅन्सरच्या पेशी पोचण्याची शक्यता वाढते.

त्या वर्षी जगभर हेच झालं. अमेरिकेत मार्च ते मे 2020 या काळात कॅन्सरची नवी निदानं अपेक्षेपेक्षा 28.6 टक्क्यांनी कमी झाली. डिसेंबरपर्यंतच्या दहा महिन्यांचा हिशेब मांडला तेव्हा सुमारे 1 लाख 34 हजार कॅन्सर ‘सापडायला हवे होते, पण सापडले नाहीत’ असं निघालं. कॅन्सर काही कोविडला घाबरून पळाला नव्हता. तो होता तिथेच होता, माणसं दवाखान्यापर्यंत आली नव्हती.

त्यातही सगळे कॅन्सर सारखे बेपत्ता झाले नाहीत. अमेरिकेतल्या एका मोठ्या लॅबच्या आकड्यांत मार्च-एप्रिल 2020 मध्ये स्तनाच्या कॅन्सरची आठवड्याची निदानं जवळपास 52 टक्क्यांनी घसरली, स्वादुपिंडाची मात्र 25 टक्क्यांच्या आसपास. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये कावीळ होते, पोटात कळा येतात, माणूस झक मारत डॉक्टरकडे जातो. स्तनाचा कॅन्सर बऱ्याचदा मॅमोग्राफीत (स्तनाच्या एक्स-रेत), म्हणजे काहीही त्रास नसताना सापडतो. त्रास नसताना दवाखान्यात जाणं ही साथीच्या काळात सगळ्यात आधी रद्द होणारी गोष्ट. याची दुसरी बाजूही आहे: न सापडलेल्यांत सावकाश वाढणाऱ्या गाठीही पुष्कळ असतात, त्यामुळे न सापडलेला प्रत्येक कॅन्सर म्हणजे एक मृत्यू असा हिशेब करता येत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. कोण आलं नाही?

अमेरिकेत दवाखान्याच्या कागदावर वंशाचा रकाना असतो. गोरे, काळे, हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक मुळाचे), आशियाई, मूळ रहिवासी. ज्याचं त्याने सांगायचं. रक्त तपासून कुणी ठरवत नाही, म्हणजे हा रकाना जीवशास्त्रापेक्षा समाजाविषयीच जास्त सांगतो. तिथे गरीब आणि विमा नसलेल्या बायकांसाठी स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीची सरकारी योजना आहे. एप्रिल 2020 मध्ये या योजनेतल्या स्तनतपासण्या आधीच्या पाच एप्रिलांच्या सरासरीपेक्षा 87 टक्क्यांनी आणि गर्भाशयमुखाच्या 84 टक्क्यांनी घटल्या. रकाना उघडला की चित्र बदलतं. स्तनतपासणीतली घट हिस्पॅनिक बायकांत 84 टक्के होती, तर मूळ अमेरिकन आणि अलास्काच्या मूळ रहिवासी बायकांत 98. जिथे एरवी शंभर जणी येत, तिथे दोघी आल्या. गर्भाशयमुखाच्या तपासणीत क्रम वेगळा: काळ्या बायकांत घट 82 टक्के, आशियाई आणि पॅसिफिक बेटांवरच्या बायकांत 92.

लक्षात घ्या, या सगळ्या गरीबच होत्या. योजनाच गरिबांची. तरीही 84 आणि 98 एवढा फरक पडला, कारण गरिबी सगळीकडे एकसारखी नसते. नावाहो या मूळ अमेरिकन लोकांच्या वस्तीत दवाखाना मैलोन्मैल दूर, कित्येक घरांत नळाला पाणी नाही, आणि मे 2020 मध्ये दर लाख लोकसंख्येमागे कोविडचं प्रमाण तिथे देशात सर्वांत वरचढ होतं. अशा ठिकाणी मॅमोग्राफी कुणाच्या मनात येणार? शहरातल्या काळ्या आणि हिस्पॅनिक कामगारांची अडचण निराळी: रोजंदारी, भरपगारी सुट्टी नाही, नोकरी गेली की विमाही गेला. व्हिडिओ कॉलवर डॉक्टर भेटत होते, हे खरं. पण गाठ फोनवरून चाचपता येत नाही.

त्यात जीवशास्त्राचा एक काटा आहे. स्तनाच्या कॅन्सरचा ‘ट्रिपल निगेटिव्ह’ म्हणून एक प्रकार आहे. हार्मोनची दोन आणि हर-टू नावाच्या प्रथिनाचं तिसरं, अशी तिन्ही कुलपं त्याच्या पेशीवर नसतात, म्हणून त्या कुलपांत बसणारी औषधं त्याच्यावर चालत नाहीत. तो वाढतोही वेगाने. अमेरिकेतल्या काळ्या बायकांत त्याचं प्रमाण गोऱ्या बायकांच्या सुमारे दुप्पट आहे. तिथे स्तनाचा कॅन्सर काळ्या बायकांना गोऱ्यांपेक्षा किंचित कमी होतो, पण त्याने मरण्याचा दर सुमारे 40 टक्क्यांनी जास्त आहे. याचं खापर एकट्या ट्रिपल निगेटिव्हवर फोडता येत नाही. उशिरा निदान, तुटक उपचार हेही त्यात आहे. वेगाने वाढणारी गाठ आणि उशिरा पोचणारी बाई एकाच घरात असली, तर साथीचे तीन महिने त्या घराला फार महाग पडतात. भारतातही स्तनाच्या कॅन्सरच्या दर दहा रुग्णांत सुमारे तिघींना हाच प्रकार निघतो, आणि आपल्या बायका पाश्चात्त्य बायकांपेक्षा साधारण दहा वर्षं लहान वयात आजारी पडतात. काकूंचा रिपोर्टही ‘तिन्ही निगेटिव्ह’ आला. वहिनीला आधी वाटलं, निगेटिव्ह म्हणजे चांगलंच की! कोविडच्या वर्षात तिने ‘निगेटिव्ह’चा तो एकच अर्थ ऐकला होता.

साथ आली की दरी वाढणारच असं नाही. न्यूझीलंडमध्ये 2020 च्या लॉकडाउनमध्ये कॅन्सरच्या नोंदी सुमारे 40 टक्क्यांनी घटल्या, पण त्या लवकरच सावरल्या, आणि तिथले मूळ रहिवासी माओरी व इतरांमध्ये त्या काळात फारसा वेगळा परिणाम दिसला नाही. माओरींची आधीपासूनची पिछाडी होतीच. साथीने तिच्यात फारशी भर घातली नाही, एवढंच. तिथे लॉकडाउन लवकर संपला, हे मला त्याचं मोठं कारण वाटतं.

आपल्याकडे वंशाचा तसा रकाना नाही. आपल्या दऱ्या जात, जिल्हा, पैसा आणि बाई असणं यांच्या आहेत, आणि त्या मोजायला अवघड. जे मोजलं गेलं ते असं: देशातल्या 41 कॅन्सर केंद्रांत मार्च ते मे 2020 मध्ये नवे रुग्ण आधीच्या वर्षापेक्षा 54 टक्क्यांनी कमी नोंदले गेले. मोठ्या शस्त्रक्रिया 49 टक्क्यांनी घटल्या, रेडिएशन मात्र 23 टक्क्यांनीच. ज्यांचं नाव आधीच रजिस्टरमध्ये होतं त्यांना डॉक्टरांनी जमेल तसं सांभाळलं. ज्यांचं नाव लागायचं होतं ते घरीच राहिले. आणि ही घट लहान शहरांपेक्षा महानगरांतल्या केंद्रांत जास्त होती, जे वरवर उलटं वाटतं. आम्हा ग्वाल्हेरकरांना त्यात नवल नाही. इथून कित्येक जण पंजाब मेलने मुंबई गाठतात आणि परळला टाटाच्या फुटपाथवर नंबर लावतात. मार्चच्या शेवटी गाड्याच थांबल्या. जो भिंड-मुरैन्याहून ग्वाल्हेरलाच येऊ शकत नव्हता, तो मुंबईच्या आकड्यांत कुठून दिसणार?

आमच्या भागातला सगळ्यात दुर्दैवी योगायोग तोंडाचा. गुटखा आणि सुपारीमुळे इथे तोंडाचा कॅन्सर घरोघरी माहीत आहे. जगातल्या तोंडाच्या कॅन्सरचे साधारण एक तृतीयांश रुग्ण भारतातले. त्याची पहिली तपासणी सगळ्यात स्वस्त: तोंड उघडा, बॅटरी मारा, गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा आहे का बघा, तीन बोटं उभी मावतात का बघा. केरळमधल्या मोठ्या चाचणीत अशा नुसत्या बघण्याने तंबाखू-दारूच्या आहारी गेलेल्यांतले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू 34 टक्क्यांनी कमी झाले. पण 2020 मध्ये तोंड ही शरीरातली सगळ्यात धोकादायक जागा ठरली. दातांचे दवाखाने बंद, ओपीडीत मास्क काढायला मनाई. चट्टा मास्कखाली राहिला.

मुळात आपली शिडीच आखूड. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या 1.9 टक्के आणि स्तनाची 0.9 टक्के निघाल्या. अमेरिकेसारखी 98 टक्क्यांची घसरण आपल्या तक्त्यावर दिसायची कशी? घसरायला आधी वर असावं लागतं.

नोव्हेंबरात काकूंना वर पहाडीवर नेलं. डॉक्टरीणबाईंनी सुई घालून पेशी काढल्या, काचेवर पसरल्या, आणि कागद भरायला घेतला. नाव, वय, मोहल्ला, गाठ कधीपासून? ‘दोन महिने झाले असतील,’ काकू म्हणाल्या. उशीर केल्याबद्दल बोलणी बसतील म्हणून बायका असंच सांगतात, आणि तेच आकडे पुढे तक्त्यांत चढतात. वहिनी मागे उभी होती. तिने एप्रिलपासूनचे महिने बोटांवर मोजले आणि दोनाचे सात करायला लावले.