वेबव्ह्यूवरचा टच आणि पानातला क्लिक

अँड्रॉइडमध्ये वेबव्ह्यूला, म्हणजे ॲपच्या आत वेबपान दाखवणाऱ्या चौकटीला, क्लिक लिसनर (क्लिक झाला की चालणारा कोड) लावला, ॲप चालवलं, पान दाबलं आणि काहीच झालं नाही. एरर नाही, लॉगमध्ये एक ओळ नाही. ही तक्रार इतक्यांदा कानावर येते की घोळ एकदा मुळापासून सोडवायला हवा. ॲपला कळणारा टच आणि पानाला कळणारा क्लिक या दोन वेगळ्या घटना आहेत. एकाच बोटाने घडतात, म्हणून एकच वाटतात.

टच आधी घेऊ. साध्या व्ह्यूमध्ये बोट उचललं की क्लिक झाला का, हे तो व्ह्यू स्वतः ठरवतो. वेबव्ह्यू मात्र टच थेट आतल्या ब्राउझर इंजिनकडे सोपवतो, त्यामुळे क्लिक लिसनरपर्यंत गोष्ट पोचतच नाही. टच लिसनर त्याच्या आधी चालतो, म्हणून तो उपयोगी पडतो. फक्त त्यातून फॉल्स परत करायचं. ट्रू दिलंत की टच तुम्हीच गिळला. मग पान सरकत नाही आणि लिंकही उघडत नाहीत.

शिवाय ॲक्शन डाउन (बोट टेकल्याची खबर) आलं म्हणजे टॅप झाला असं नव्हे, स्क्रोलची सुरुवातही तिथूनच होते. बोट साधारण ८ डीपीच्या (डीपी म्हणजे स्क्रीनवरचं अंतर मोजायचं अँड्रॉइडचं एकक) पलीकडे सरकलं की अँड्रॉइड त्याला टॅप धरत नाही. हा हिशेब हाताने करू नका, त्यासाठी अँड्रॉइडचा तयार जेश्चर डिटेक्टर आहे. आयफोनवरच्या वेबव्ह्यूचे, म्हणजे डब्ल्यूके वेबव्ह्यूचे, बोटाच्या हालचाली ओळखणारे स्वतःचे रेकग्नायझर असतात. आपला टॅप रेकग्नायझरही चालायचा असेल तर दोघांनाही एकाच वेळी ओळखण्याची मुभा डेलिगेटमधून (रेकग्नायझर ज्याला विचारतो त्या तुमच्या कोडमधून) द्यावी लागते. वेबव्ह्यूवर पारदर्शक थर पसरून टॅप पकडायची युक्ती रिॲक्ट नेटिव्हवाले (जावास्क्रिप्टमध्ये ॲप लिहिणारे) हमखास करतात. ती टाळा, कारण तो थर खालच्या पानाचा टचच तोडतो.

एवढं करून हाती काय येतं? एक एक्स आणि एक वाय, म्हणजे बोटाची जागा. तिथे बटण होतं, चित्र होतं की कोरी जागा, हे टचला माहीत नसतं.

क्लिक ते सांगतो. टच पानापर्यंत पोचल्यावर इंजिन ठरवतं की हा स्क्रोल नव्हता, झूम नव्हता, खाली अमुक एलिमेंट होतं, आणि मग पानात क्लिक इव्हेंट निघतो. तो पकडायला डॉक्युमेंटवर एकच लिसनर पुरतो, पण कॅप्चर फेजमध्ये लावा, म्हणजे इव्हेंट डॉक्युमेंटकडून एलिमेंटकडे उतरतानाच पकडा. नाहीतर पानातल्या एखाद्या कोडने मध्येच स्टॉप प्रॉपगेशन केलं, म्हणजे इव्हेंट पुढे जाण्यापासून अडवला, की तुमच्यापर्यंत काही येत नाही. तिथून बातमी ॲपकडे पाठवायची. आयफोनवर मेसेज हँडलर आहे, अँड्रॉइडवर जावास्क्रिप्ट इंटरफेस. अँड्रॉइडवर तो कॉल स्क्रीन सांभाळणाऱ्या मुख्य थ्रेडवर येत नाही, म्हणून त्यातून थेट स्क्रीनवरचं काही बदलायला जाऊ नका.

दोन्हींतला फरक कुठे उघडा पडतो ते पाहा. पानावर डिसेबल केलेलं ‘पुढे जा’ बटण आहे. वापरणाऱ्याने ते तीनदा दाबलं. टच मोजणारं ॲप तीन टॅप नोंदवतं, पानात त्या बटणाचा क्लिक एकदाही होत नाही. आता उलट बाजू. टॉकबॅक (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी अँड्रॉइडची सोय) लावलेल्या दृष्टिहीन माणसाने बटणावर फोकस नेऊन डबल टॅप केला. पानात क्लिक होतो, पण तो टॉकबॅकने घडवलेला असतो. तुमच्या टच लिसनरकडे त्या जागेचा टच आलेलाच नसतो. बाहेरच्या कीबोर्डवरून एंटर दाबलं तरी तेच. ‘कोणतं बटण दाबलं’ याचा आकडा टचवरून काढला, तर ही माणसं त्या आकड्यातून गळतात. माझ्या मते क्लिकच्या बाजूने एवढं एक कारणच पुरे आहे. टचचं काम वेगळं: वाचताना टूलबार लपवणं, हालचाल थांबली की स्क्रीन मंद करणं. तिथे बोट लागलं एवढंच हवं असतं.

लिंक अडवणारा अँड्रॉइडचा ‘शुड ओव्हरराइड यूआरएल लोडिंग’ कॉलबॅक क्लिक म्हणून वापरणारेही पुष्कळ. तो नेव्हिगेशन, म्हणजे नव्या पत्त्यावर जाणं, सांगतो. रीडायरेक्टलाही तो चालू शकतो, पोस्ट रिक्वेस्टला चालत नाही आणि पुश स्टेटवर चालणाऱ्या (नवं पान न आणता पत्ता बदलणाऱ्या) पानांत तर गप्पच बसतो.

खरी कसोटी आयफ्रेमची, म्हणजे पानाच्या आत बसवलेल्या दुसऱ्या पानाची. दुसऱ्या ओरिजिनच्या (दुसऱ्या साइटच्या) आयफ्रेममध्ये झालेला क्लिक बाहेरच्या डॉक्युमेंटपर्यंत येत नाही, त्यामुळे पानातले एम्बेड केलेले व्हिडिओ आणि जाहिराती तुमच्या लिसनरला दिसत नाहीत. टच मात्र दिसतो, कारण ॲपच्या लेखी सगळा वेबव्ह्यू एकच. आयफोनवर यूजर स्क्रिप्ट (ॲपने पानात घातलेला कोड) सगळ्या फ्रेममध्ये घालता येते. अँड्रॉइडवर सावध राहा: जावास्क्रिप्ट इंटरफेस आपोआप प्रत्येक फ्रेमला, म्हणजे परक्या जाहिरातीलाही, उघडा पडतो. अँड्रॉइडएक्स वेबकिट या लायब्ररीतला वेब मेसेज लिसनर परवानगी दिलेल्या ओरिजिनपुरताच राहतो. नव्या ॲपमध्ये तोच घ्या.