गणितज्ञाचा एच-इंडेक्स कसा वाचावा

एच-इंडेक्स म्हणजे संशोधकाच्या कामाचं एका आकड्यातलं माप. तो कागद-पेन्सिलीनेही काढता येतो. संशोधकाच्या प्रत्येक पेपरला इतरांनी किती वेळा संदर्भ म्हणून घेतलं, ते आकडे उतरत्या क्रमाने लिहा. समजा ४०, २२, ९, ६, ५, ३, १ असे आले. पेपरच्या क्रमांकाइतकी तरी सायटेशन (म्हणजे इतरांनी घेतलेले संदर्भ) जिथपर्यंत आहेत, तो क्रमांक म्हणजे एच-इंडेक्स. पाचव्या पेपरला पाच सायटेशन आहेत, सहाव्याला तीनच. म्हणून एच-इंडेक्स पाच. जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचवलेलं हे माप पेपरच्या संख्येपेक्षा मोठं कधीच होत नाही. ग्रिगोरी पेरेलमनने प्वाँकारेची अटकळ हा गणितातला प्रसिद्ध जुना प्रश्न सोडवला तो २००२-०३ मध्ये अर्काइव्ह या संकेतस्थळावर टाकलेल्या तीन प्रीप्रिंटमधून, म्हणजे जर्नलमध्ये न छापलेल्या लेखांमधून. तेवढ्याच कामावर एच-इंडेक्स काढला, तर हजारो सायटेशन मिळूनही तो तीनच राहील.

गणितात आकडे लहान असतात, आणि उशिरा येतात. २०२२ मध्ये छापलेली एखादी सिद्धता दुसऱ्याने समजून घ्यायची, तिच्यावर पुढचं काम करायचं, जर्नलला पाठवायचं, रेफरीने, म्हणजे जर्नलच्या तज्ज्ञ परीक्षकाने, ओळ न् ओळ तपासायची, मग छपाईची रांग. यात तीन-चार वर्षं सहज जातात. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलच्या एका लेखामागे सरासरी किती संदर्भ याचा आकडा, मात्र फक्त मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना मिळालेले संदर्भ मोजतो. आंतरराष्ट्रीय गणित संघाच्या २००८च्या अहवालानुसार गणितातले सुमारे ९० टक्के संदर्भ या दोन वर्षांच्या खिडकीबाहेर पडतात. म्हणजे जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून गणितज्ञाला जोखणं मुळातच चूक आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतलं एक काम बघा. एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री यांचा रीमान पृष्ठांवरच्या सदिश-गठ्ठ्यांविषयीचा (व्हेक्टर बंडल; पृष्ठाच्या प्रत्येक बिंदूला जोडलेल्या सदिश-अवकाशांचा समूह) पेपर १९६५ मध्ये ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये आला. बीजगणितातली ‘स्थिर’ ही अट आणि भूमितीतली युनिटरी निरूपणं या वरवर दूरच्या दोन गोष्टी त्यात जोडल्या गेल्या. १९८३ मध्ये सायमन डोनाल्डसनने भौतिकशास्त्राशी जोडलेल्या गेज सिद्धान्ताची हत्यारं वापरून त्याच प्रमेयाची नवी सिद्धता दिली. त्याच वर्षी अटिया आणि बॉट यांचा यांग-मिल्स या भौतिकशास्त्रातून आलेल्या समीकरणांवरचा मोठा पेपर आला, त्याच्याही मुळाशी हेच प्रमेय. मधली अठरा वर्षं! तोवर भौतिकशास्त्रातून आलेल्या प्रश्नांनी या कामाला नवं क्षेत्र मिळवून दिलं होतं. आता हे प्रमेय इतकं रुळलंय की पुष्कळदा लेखक नुसतं ‘नरसिंहन-शेषाद्री प्रमेय’ लिहितात आणि संदर्भसूचीत नंतरचं एखादं पुस्तक देतात. मूळ पेपरच्या खात्यात त्या वेळी काहीच जमा होत नाही.

आकडा कुठून घेतला, हेही बघावं लागतं. गूगल स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंटही धरतो, म्हणून तिथला आकडा बहुधा सर्वांत मोठा. मॅथसायनेट हा गणिताचा खास माहितीसाठा निवडक जर्नलांच्या संदर्भसूचीच मोजतो, त्यामुळे तिथला लहान, पण लेखकांची ओळख अधिक काळजीने पटवलेली. तसाच दुसरा माहितीसाठा झेडबी-मॅथ २०२१ पासून सर्वांना फुकट खुला आहे. दोन गणितज्ञांची तुलना करायची तर दोन्ही आकडे एकाच ठिकाणचे हवेत. नावांचा घोळ आपल्याकडे फार: ‘ए. कुलकर्णी’ नावाचे चार जण एकाच प्रोफाइलमध्ये जमा होतात, तर लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईंचे पेपर दोन खात्यांत विभागले जाऊन एच-इंडेक्स घटतो. ऑर्किड (ORCID) हा प्रत्येक संशोधकाचा स्वतंत्र सोळा अंकी ओळख-क्रमांक पहिल्या पेपरपासून वापरला, तर हे बरंचसं टळतं.

सगळ्यात जास्त अन्याय लेखकांच्या क्रमाने होतो. शुद्ध गणितात नावं इंग्रजी वर्णक्रमाने छापायची रीत आहे. आयआयटी कानपूरच्या अग्रवाल, कयाल, सक्सेना यांचा मूळसंख्या-चाचणीवरचा २००४चा पेपर तसाच आहे. सक्सेना शेवटी आहेत ते ‘एस’मुळे. यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीत मात्र दोनपेक्षा जास्त लेखक असले, की पहिल्या, मुख्य किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्या प्रत्येकाला ३० टक्के गुण. गणितातल्या वाघमारे किंवा यादवांना हा नियम जन्मभर मागे ठेवू शकतो. म्हणून अर्जासोबत ‘नावं वर्णक्रमाने आहेत, सर्वांचा वाटा समान’ असं सहलेखकांच्या सहीचं पत्र जोडावं, आणि निवड समितीतल्या गणिताच्या माणसाने ते बाकीच्यांना वाचून दाखवावं.