भिल्लांची भूमिहीनता (खानदेश)

सातपुड्याच्या पायथ्याशी, विशेषतः शहादे, तळोदे व अक्कलकुवे या तालुक्यांत, भिल्ल कुटुंबांच्या हातून शेतजमीन गेली आणि पुढच्या पिढ्यांना ती परत मिळवणे दुरापास्त झाले. आजची मजुरी, स्थलांतर व शिक्षणातील पीछेहाट यांचा विचार या इतिहासाला वगळून करता येत नाही.

1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला, तेव्हा घाटवाटांची राखण व त्याबद्दलचे हक्क भिल्ल नाईकांकडे होते. भिल्लांची बंडे शमवण्यासाठी 1825 मध्ये धरणगाव येथे जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली भिल्ल पलटण उभी राहिली आणि शेतीसाठी तगाई, म्हणजे सरकारी कर्जही देण्यात आले. मात्र सारा रोखीने भरायचा, जमीन गहाण टाकता येते आणि कागद वाचता येत नाही, अशा स्थितीत ती सावकाराकडे व पुढे सधन शेतकऱ्याकडे जात राहिली. 1878 च्या वन कायद्याने जंगलाचा आधारही आटला. भिल्लाला शेती नकोच असते, हा समज अजून ऐकू येतो. तो अन्यायकारक आहे. परक्याच्या शेतात वर्षभर राबणाऱ्याला शेतीचा कंटाळा असतो असे म्हणता येणार नाही.

जमीन गेलेला माणूस सालदार, म्हणजे वर्षाच्या कराराने राबणारा शेतगडी होई. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) जुने साल संपे व नवे ठरे. लग्नासाठी वा दुखण्यासाठी घेतलेली उचल आणि वर्षभराचे खाडे मालकाच्या वहीत मांडले जात. हिशेबात उचल फिटली नाही, तर पुढचे सालही त्याच मळ्यावर काढावे लागे.

1972 पासून भिल्ल कार्यकर्ते अंबरसिंग सुरतवंती व श्रमिक संघटना यांनी शहादे भागात जमीन व मजुरीचा लढा उभारला. 6 जुलै 1974 पासून जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे जाण्यास बंदी आली आणि 1957 नंतर गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदाही झाला. त्याआधी, म्हणजे आजोबा-पणजोबांच्या काळात गेलेली जमीन मात्र त्याच्या कक्षेबाहेर राहिली.

2006 च्या वनहक्क कायद्याने 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून कसल्या जाणाऱ्या वनजमिनीवर आदिवासींना दावा करता येतो. त्याच्या नियमांत गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून ग्राह्य धरला आहे. जमीन कोण कसत होते हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिले, त्यांचा शब्द त्यामुळे दप्तरात नोंदवला जाऊ लागला.